आधी आवळ, मग खोक

"मॅडम, पिशवी ढिली झालीय."

मी लातुरात फिजिओथेरपिस्ट आहे. मान, कंबर, गुडघे हे रोजचं काम. कंबर दाखवायला आलेली बाई पैसे देऊन निघते, दारापाशी थांबते, बाहेर बसलेली सून ऐकत नाही ना ते बघते आणि मग हे वाक्य टाकते. मी विचारते, "कोणती पिशवी?" यावर ती गोंधळते. आपल्या बोलण्यात पिशव्या दोन आहेत, एक गर्भाची आणि एक लघवीची. पोटात खाली कुठंही काही बिघडलं की नाव ‘पिशवी’चं. खोकलं की थेंब येतात, घरी पोचेपर्यंत धरवत नाही, शिंक आली की लुगडं भिजतं, या सगळ्याचा दोष गर्भाच्या पिशवीवर जातो. तिचा यात बहुतेक वेळा काही हात नसतो. लघवीची पिशवीसुद्धा पुष्कळदा धडधाकट असते. ढिलं पडलेलं असतं ते या दोघींच्या खालचं.

त्या खालच्या भागाला बोलीत नावच नाही. डॉक्टर पेल्विक फ्लोअर म्हणतात. मी ओटीपोटाचा तळ म्हणते आणि समजावून सांगताना सरळ बाज म्हणते.

बाज डोळ्यांपुढं आणा. लाकडाची चौकट आणि तिच्यात विणलेली नवार. आपल्या कमरेतही अशीच हाडांची चौकट आहे. पुढं लघवीच्या जागेच्या वर हाताला कडक लागतं ते हाड, मागं माकडहाड, आणि दोन्ही बाजूंना पाटावर बसल्यावर टोचतात ती हाडं. या चौकटीत स्नायूंची वीण आहे. तिच्यावर लघवीची पिशवी, गर्भाची पिशवी आणि मोठ्या आतड्याचं शेवटचं टोक असे तिघे विसावलेले असतात. वीण मध्ये थोडी मोकळी ठेवलेली आहे, कारण तिच्यातून वाटा काढायच्या आहेत. बाईच्या तीन, पुरुषाच्या दोन. वर्षानुवर्षं माणसं झोपून बाजेला झोळ पडतो तसा या विणीलाही पडतो. बाजेला झोळ पडला म्हणून आपण गादी फेकत नाही, पायथ्याकडची दोरी ओढून बाज आवळतो. फिजिओथेरपीत तेच करायचं असतं. फरक एवढाच की नवार निर्जीव असते, आणि हे स्नायू तुम्ही सांगाल तेव्हा आवळतात, सांगाल तेव्हा सैल सोडतात. सोडणंही आवळण्याइतकंच गरजेचं आहे; त्यावर पुढं येतेच.

आता लघवी थांबते कशी ते बघू. मूत्रपिंडातून लघवी थेंब थेंब उतरत राहते. पिशवी स्वतःही स्नायूचीच असते. भरताना ती सैल होत जाते, फुगत जाते. साधारण दीडशे-दोनशे मिली जमली की पहिली जाणीव होते. मोठ्या माणसाच्या पिशवीत चारशे ते पाचशे मिली सहज मावते. तोवर तोंड बंद ठेवायचं काम पिशवीच्या गळ्याचे स्नायू आणि खालचा तळ मिळून करतात. जागा सापडली, बसलो, की तळ सैल पडतो, पिशवी आवळते आणि लघवी होते. दिवसातून सहा ते आठ वेळा जाणं, रात्री एखाद्या वेळी उठणं यात काळजीचं काही नाही.

बिघाड मुख्यतः दोन तऱ्हांचा, आणि दोन्हींचा उपाय थोडा वेगळा. म्हणून पहिल्या भेटीत माझे निम्मे प्रश्न ‘कधी सुटते’ एवढ्यावरच असतात.

पहिली तऱ्हा दाबाची. खोकलं, शिंकलं, हसलं, घागर उचलली, की थेंब किंवा बचकभर धार. शेतात पाण्याचा पाइप कडक जमिनीवर पडलेला असेल आणि त्यावर पाय दिला तर पाणी थांबतं. तोच पाइप आपल्या काळ्या मातीच्या चिखलात असेल तर पाय दिला तरी पाइप खाली रुततो आणि पाणी वाहतच राहतं. खोकल्याचा दाब म्हणजे तो पाय. तळ घट्ट असेल तर लघवीची नळी त्याच्यावर दाबली जाऊन बंद होते. तळ मऊ पडला असेल तर नळी खाली सरकते आणि उघडी राहते.

दुसरी तऱ्हा घाईची. पिशवी पुरती भरलेली नसतानाच आवळायला लागते. बाजारातून येईपर्यंत काही नसतं, पण दाराचं कुलूप दिसलं, किल्ली हातात घेतली, की एकदम कळ येते आणि संडासापर्यंत पोचायच्या आत सुटते. नळाचा आवाज, भांडी घासताना थंड पाणी, यांनीही काही जणींना तसंच होतं. बायकांना याची फार लाज वाटते, वेड लागलंय की काय असं वाटतं. वेडबिड काही नाही. दार दिसलं की आता मोकळं व्हायचं, ही पिशवीला लागलेली सवय आहे. बऱ्याच जणींना दोन्ही तऱ्हा एकत्र असतात. तिसराही एक प्रकार आहे, पिशवी कधी पूर्ण रिकामीच होत नाही आणि वरचेवर ओसंडते. जुना मधुमेह असलेल्यांत आणि प्रोस्टेट, म्हणजे लघवीच्या पिशवीखालची गाठ, वाढलेल्या पुरुषांत तो दिसतो, आणि त्याला व्यायाम हा उपाय नाही, आधी डॉक्टर.

हे का होतं? बाळंतपण हे मोठं कारण. बाळ या विणीतूनच बाहेर येतं. स्नायू आणि त्यांच्या नसा ताणल्या जातात. सिझेरियन झालं म्हणजे सुटलो असंही नाही, नऊ महिन्यांचं ओझं तळानं सोसलेलंच असतं. आपल्याकडं बाळंतिणीचं पोट कापडानं करकचून बांधतात. पोट आत दिसतं खरं, पण तो दाब खाली जातो, आणि खालचे स्नायू बांधून बळकट होत नाहीत. पाळी गेल्यानंतर तिथली कातडी आणि अस्तर पातळ होतं. वजन वाढतं. याच्यावर मग आपली नेहमीची भर: चुलीच्या धुरानं न जाणारा खोकला, कुंथून कुंथून होणारा संडास, आणि डोक्यावरची ओझी.

ओझ्यांचा विषय निघाला की ऊसतोडीच्या बायकांना विसरता येत नाही. दिवाळीच्या आसपास बीडमधून टोळ्या निघतात, कोयता जोडीनं, म्हणजे नवरा-बायकोनं मिळून धरायचा असतो. बाळंत होऊन थोडे दिवस झालेली बाईसुद्धा मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढते. फडात संडास नाही, आडोसा नाही, म्हणून पाणी प्यायचं नाही आणि लघवी दाबून ठेवायची. अंगावरून जातं, ओटीपोट दुखतं, लघवी गळते, अशा कोणत्याही तक्रारीला उत्तर एकच मिळत आलं: पिशवी काढून टाका. २०१९ मध्ये बीडमधल्या या प्रकाराची चौकशी करायला राज्य सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. यातली काही ऑपरेशनं खरोखर लागणारी असतील, नाही असं नाही. पण लघवी गळते म्हणून गर्भपिशवी काढणं हा उपचारच नव्हे. उलट पिशवी काढल्यानंतर काही बायकांत गळतीची शक्यता वाढते. ‘पिशवी’ हा एकच शब्द दोन अवयवांना वापरल्यानं केवढं नुकसान होतं, ते मला या आकड्यांत दिसतं.

तर आता व्यायाम. अमेरिकेतले स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगल यांनी १९४८ मध्ये बाळंतपणानंतरच्या गळतीसाठी हे व्यायाम मांडले, म्हणून त्यांना केगल म्हणतात. मोबाइलवर ढिगानं व्हिडिओ आहेत. "मॅडम, मी करून बघितले, काही फरक नाही," असं सांगणाऱ्या बाईला मी आधी करून दाखवायला लावते. पुष्कळ जणी वर ओढायच्या ऐवजी खाली ढकलत असतात, कुंथल्यासारख्या. त्यानं गळती वाढते. १९९१ मधल्या एका छोट्या अमेरिकी अभ्यासात, नुसतं तोंडी सांगितल्यावर जवळजवळ निम्म्याच बायकांना हे नीट जमलं होतं आणि चौथाई जणी उलटं करत होत्या. म्हणजे दोष बाईच्या आळसात नसतो. जो स्नायू कधी डोळ्यांनी पाहिला नाही, तो नुसत्या सांगण्यावरून कसा सापडणार?

तो सापडवायचा असा. उताणं झोपा, गुडघे वाकवून पाय टेका. चार माणसांत बसलोय आणि वायू सुटतोय, तो धरायचाय अशी कल्पना करा. मागची जागा आवळा, मग तेच आवळणं पुढं लघवीच्या जागेपर्यंत आणा, आणि सगळं मिळून आत, छातीकडं उचला. उचलणं महत्त्वाचं. बादली विहिरीतून वर ओढतो तसं. कुल्ले आवळायचे नाहीत, मांड्या जुळवायच्या नाहीत, पोट आत ओढून धरायचं नाही आणि श्वास रोखायचा नाही. श्वास रोखला जातोय का कळत नसेल तर आवळताना मोठ्यानं आकडे मोजा. बोलताना श्वास रोखता येत नाही. बाळाची वाट आणि संडासची वाट यांच्या मधल्या जागेवर कपड्यावरूनच बोट ठेवलं तर आवळल्यावर ती जागा बोटापासून आत जायला हवी. बोटावर बाहेर ढकलल्यासारखी आली तर उलटं चाललंय, थांबा.

योग करणाऱ्या बायका लगेच विचारतात, हे म्हणजे मूलबंधच ना, किंवा अश्विनी मुद्रा? जवळचं आहे, ज्यांना ते येतं त्यांना हे लवकर सापडतं. फक्त मूलबंधाबरोबर श्वास रोखायची सवय असेल तर ती इथं बाजूला ठेवायची.

एक चुकीचा सल्ला मात्र खूप फिरतो: लघवी करताना धार मध्येच अडवून व्यायाम करा. करू नका. स्नायू कुठला ते कळावं म्हणून एखाद्या वेळी अडवून पाहिलं तर ठीक, पण रोजचा व्यायाम म्हणून केलं तर पिशवी पूर्ण रिकामी न होण्याची सवय लागू शकते.

किती करायचे? स्नायू सापडला की जितके सेकंद धरवतं तितके धरा. सुरुवातीला कुणाला दोन, कुणाला तीन. मग तेवढाच वेळ, किंवा जास्तच, पूर्ण सैल सोडा. असं आठ वेळा, दिवसातून तीनदा. हळूहळू धरणं आठ-दहा सेकंदांपर्यंत न्यायचं. त्यानंतर काही झटपट आवळणं-सोडणं, कारण शिंक सेकंदांत मोजून येत नाही. झोपून जमलं की बसून, मग उभं राहून, मग चालताना. आणि हे किमान तीन महिने. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनाही दाबाच्या गळतीसाठी ऑपरेशनच्या आधी हाच उपाय सांगतात, तोही शिकवणाऱ्याच्या देखरेखीखाली. पंधरा दिवसांत काही होत नाही म्हणून सोडून देणाऱ्या बायकांना मी विचारते, पेरल्यावर पंधरा दिवसांत तूर काढता का?

काही जणींचा तळ मात्र ढिला नसतो, कायम ताठलेला असतो. संबंधाच्या वेळी दुखतं, लघवी सुरू व्हायला वेळ लागतो, संडासला त्रास होतो. त्यांनी आवळण्याचे व्यायाम केले तर त्रास वाढतो. त्यांना सोडायला शिकवावं लागतं, पोटात खोल श्वास घेऊन. म्हणूनच एकदा तरी कुणी तरी तपासलेलं बरं.

मुख्य व्यायामाइतकीच कामाची एक युक्ती आहे, आणि मी ती पहिल्याच दिवशी देते. खोकला, शिंक येतेय असं वाटलं, घागर उचलायची आहे, तर त्याच्या क्षणभर आधी तळ आवळायचा. आधी आवळ, मग खोक. बस्स. निरोगी तळ हे आपलं आपण करतो. ढिल्या तळाला ते पुन्हा शिकवावं लागतं. नीट आवळता येणाऱ्या काही बायकांना थोड्याच दिवसांत थेंब कमी झालेले जाणवतात, आणि मग तीन महिने टिकायला हुरूप येतो.

घाईच्या गळतीत पिशवीची सवय मोडायची असते. कळ आली की पळायचं नाही. हे ऐकून सगळ्या हसतात, पण पळालं की पोटावर दाब येतो आणि पिशवीला वाटतं आलीच वेळ. जागीच थांबा, जमलं तर टेकून बसा, तळ चार-पाचदा झटपट आवळा, मनात काहीतरी मोजा. तळ आवळला की पिशवीला सैल पडायचा इशारा जातो. कळ ओसरते, मग सावकाश चालत जा. आज तासाला जात असाल तर दहा-पंधरा मिनिटं पुढं ढकला, आठवड्यानं आणखी थोडी, असं करत दोन-तीन तासांपर्यंत. याला निदान सहा आठवडे द्यावे लागतात. त्याआधी तीन दिवसांची नोंद करायची: किती वाजता गेलात, मापाच्या मगात किती भरली, किती पाणी आणि चहा प्यायलात, कधी सुटली. लिहिता येत नसेल तर कॅलेंडरवर रेघा चालतात. माझ्याकडच्या एका आजींनी गेल्याची रेघ उभी आणि सुटल्याची आडवी अशी खूण केली होती आणि तिच्यावरून मला सगळं कळलं.

पाण्याचं सांगायला हवं, कारण मराठवाड्यात ही अडचण दुहेरी आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं ते हे लातूर. इथल्या बाईला कमी पाण्यात भागवायची सवय लहानपणापासून असते, आणि गळती लागली की ती उरलंसुरलं पाणीही तोडते. पाणी तोडलं की लघवी दाट होते, दाट लघवी पिशवीला टोचते, घाई वाढते. उन्हाळी लागते, संडास कडक होतो, कुंथावं लागतं, तळावर पुन्हा दाब. म्हणून पाणी तोडायचं नाही, दिवसभरात विभागून प्यायचं, झोपायच्या आधी दोन तास हात आखडता. तोडायचाच असेल तर चहा. चहानं पिशवी चिडते. दिवसाचे सहा कप दोनवर आणले तरी काही जणींची निम्मी घाई जाते. हे सांगितल्यावर मात्र चेहरे पडतात.

पुरुषांनाही हा तळ असतो, हे पुरुषांना कुणी सांगत नाही. प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर काही महिने गळती होऊ शकते आणि हेच व्यायाम तिथंही कामाला येतात. ऑपरेशनच्या आधी शिकून घेतलेले अधिक बरे.

आमच्याकडं आल्यावर काय होतं, ही भीती खरी असते. आधी बोलणं, भरपूर बोलणं. तपासणी लागली तर पडद्याआड, तुमच्या परवानगीनं; बाई फिजिओथेरपिस्ट मागायचा हक्क तुम्हाला आहे. आतून तपासणी नको म्हणालात तर नको, बाहेरूनही पुष्कळ कळतं. काही ठिकाणी बायोफीडबॅकचं यंत्र असतं. तुम्ही आवळलं की पडद्यावर रेघ वर जाते, म्हणजे न दिसणारा स्नायू दिसायला लागतो. स्नायू अजिबातच हलत नसेल तर सौम्य विजेचा उपयोग करतात. अंग बाहेर येत असेल तर डॉक्टर आत आधाराची रिंग बसवून देतात. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत, म्हणजे संभाजीनगरच्या घाटीत किंवा अंबाजोगाईला, स्त्रीरोग विभागात दाखवून फिजिओथेरपीसाठी चिठ्ठी मागता येते. मागावी लागते, आपणहून कुणी देईलच असं नाही.

काही खुणा दिसल्या तर व्यायाम बाजूला ठेवून आधी डॉक्टरकडं जा. लघवीतून रक्त, जळजळ आणि ताप, लघवी अजिबात न होणं. अवघड बाळंतपणानंतर रात्रंदिवस सारखी गळती असेल तर वाटेला भोक पडलेलं असू शकतं, ते शिवावं लागतं. कंबरदुखीबरोबर बसायची जागा बधिर झाली, पाय लुळे वाटले आणि लघवीवरचा ताबा गेला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. यात उद्यावर ढकलायचं नाही.

औसा तालुक्यातल्या एक मावशी दरवर्षी कोजागिरीला तुळजापूरला पायी जायच्या. चार वर्षं गेल्या नव्हत्या. घरी सांगायच्या गुडघे दुखतात, आणि गुडघ्यांसाठीच माझ्याकडं आल्या होत्या. गुडघे ठीक होते. जुन्या लुगड्याच्या घड्या किती न्यायच्या आणि बदलायच्या कुठं, हा खरा प्रश्न होता. साडेतीन महिने त्यांनी व्यायाम केला, सकाळी पूजेआधी, दुपारी, रात्री अंथरुणात. यंदा गेल्या, पायी नाही, एसटीनं. परवा येऊन म्हणाल्या, "खोकल्यावर न्हाई येत आता. पण जोरात शिंक आली की थेंब येतोयच वो." मी विचारलं, उभं राहून करायला सुरुवात केली का? नव्हती केली. झोपूनच चालू होतं. म्हटलं, आजपासून ओट्यापाशी उभ्या राहून करा, चहाला उकळी येईपर्यंत.

"चहा तर बंद केलाय तुम्ही," मावशी म्हणाल्या.